पणजीत रस्ते खोदून ठेवल्याने वाहतुकीचं आणि पर्यटनाचं नेमकं काय झालं? आमच्या शहरात तेच सुरू होतंय, पालिकेकडे काय मागावं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पणजीत स्मार्ट सिटीची कामं लांबल्याने काय परिणाम झाला, हा पहिला. आणि कोकणातल्या तुमच्या किनाऱ्यावरच्या शहरात आता भुयारी गटाराची निविदा निघाली आहे, तर लॉज, खानावळी, दुकानं चालवणाऱ्यांनी आधीच काय मागून घ्यावं, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकात एक गुंतलेलं आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

एक रस्ता खोदला म्हणून शहर अडत नाही. एकाच वेळी दहा रस्ते उघडे राहिले, किंवा एकच रस्ता तीनदा उघडला, की अडतं. पणजीत दोन्ही झालं.

पणजीची पंचाईत नकाशावरच दिसते. उत्तरेला मांडवी, पश्चिमेला मिरामारचा समुद्र, पूर्वेला पाटोच्या कडेची खाडी, मध्ये आल्तिनोची टेकडी, आणि गावातून वाहणारा सांतिनेजचा नाला. आत यायच्या वाटा मोजक्या: मांडवीवरचे पूल, रायबंदरचा जुना बांध, मेरशीकडून पाटो, आणि बांबोळी-ताळगावची बाजू. 2019 मध्ये अटल सेतू झाल्यावर म्हापशाहून मडगावला जाणारी गाडी शहरावरून निघून जाते, पण जिला पणजीतच यायचंय तिला पाटोच्या तोंडाशी उतरावंच लागतं. तिथून पुढे बांदोडकर मार्ग, महात्मा गांधी मार्ग आणि अठरा जून मार्ग हे तीन समांतर रस्ते. त्यातला एक बंद झाला की उरलेल्या दोघांवर भार येतो, दोन बंद झाले की चौथा पर्यायच नाही. 2023 च्या मार्च-एप्रिलमध्ये, आत शहर खोदलेलं असताना आणि जी-20 च्या बैठका तोंडावर असताना, हॉटमिक्सिंगसाठी, म्हणजे गरम डांबराचा थर टाकायला, अटल सेतूही बंद ठेवला गेला आणि वरची सगळी वाहतूक जुन्या पुलांवर उतरली. कामं एकेकटी पाहिली तर प्रत्येक गरजेचं होतं. एकत्र पाहणारा कोणी नव्हता, इतकंच.

आता कोंडी नेमकी कशी होते ते आकड्यांत पाहू, कारण पालिकेशी बोलताना हेच उपयोगी पडतं. "अर्धा रस्ता चालू ठेवू" असं ठेकेदार सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, वाहतूकही अर्धी तरी चालेल. तसं होत नाही. समजा 100 मीटर लांबीत एक बाजू खोदली आहे आणि उरलेल्या बाजूने आळीपाळीने गाड्या सोडतायत. खडबडीत पट्ट्यात वेग ताशी 15 किलोमीटर धरला तर शेवटची गाडी बाहेर पडायला 24 सेकंद लागतात, आणि तोवर समोरच्यांना थांबावं लागतं. प्रत्येक बाजूला 45 सेकंद सोडलं तर एक पूर्ण फेरी 138 सेकंदांची. 45 सेकंदांत अडीच सेकंदाला एक या दराने 18 गाड्या निघतात. म्हणजे तासाला एका दिशेने साधारण 470. एरवी त्याच लेनमधून त्याच दराने 1,440 गेल्या असत्या. अर्ध्या नव्हे, एक तृतीयांशच उरल्या.

खोदलेला पट्टा 300 मीटर केला तर रिकामा व्हायलाच 72 सेकंद, आणि तासाला जेमतेम 275 गाड्या. 50 मीटर ठेवला तर 570. काम तेच, चर तोच; फक्त एका वेळी किती लांबी उघडायची यावर गाड्यांचा आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. ठेकेदाराला लांब पट्टा आवडतो, कारण पोकलेन एकदा आणला की सलग खोदत जाता येतं. तुम्हाला आखूड पट्टा हवा. निविदेत ही लांबी लिहिलेली नसेल तर ठेकेदाराचंच चालणार.

शिवाय हा हिशेब गाड्या रांगेत थांबतात असं धरून केलाय. प्रत्यक्षात दुचाक्या फटीतून पुढे येऊन तोंडाशी गोळा होतात आणि समोरून येणाऱ्या बसला बाहेर पडायला जागाच राहत नाही. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना माणूस लागतो, वॉकीटॉकीसह. नुसत्या बॅरिकेडने भागत नाही.

हे इतकं लांबतं का? इथे समुद्रकाठच्या शहराचं वेगळेपण येतं, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

सांडपाण्याची नळी उताराने वाहते. 200 मिलिमीटरच्या आसपासच्या नळीला गाळ बसू नये इतका वेग (सेकंदाला 0.6 मीटर) हवा असेल तर साधारण 200 मीटरला 1 मीटर उतार द्यावा लागतो. डोंगरउतारावरच्या गावात रस्ताच उतरत असतो, नळी त्याच्यासोबत जाते. पणजीसारख्या सपाट शहरात रस्ता जागच्या जागी राहतो आणि नळी खोल खोल जात राहते. 400 मीटर गेलात की सुरुवातीपेक्षा 2 मीटर खाली. दर 30 मीटरला चेंबर. आणि भरतीच्या पातळीजवळच्या या शहरात मीटर-दीड मीटर खाली गेलं की पाणी लागतं. त्यातही मांडवीकाठचा बराच भाग भराव घालून केलेला, तेव्हा खाली गाळ आणि वाळू.

अशा जमिनीत 3-4 मीटरचा चर दोन्ही बाजूंना पोलादी पत्रे ठोकल्याशिवाय उभा राहत नाही. पत्र्यांचा खर्च वाचवायला गेलं की बाजू ढासळतात, चर वर रुंद होतो, शेजारचा चालू रस्ता तुटतो आणि पाण्याची किंवा विजेची लाइन उघडी पडते. मग त्या खात्याची माणसं येईपर्यंत काम थांबलं. पंप लावून पाणी उपसताना पाण्याबरोबर बारीक वाळू येत असेल तर ती कुठून तरी निघतेय, बहुधा शेजारच्या घराच्या पायाखालून. फोंतेन्हास किंवा माळा या जुन्या वस्त्यांतली चिऱ्याची घरं खोल पायावर उभी नाहीत. उपशाचं पाणी आधी टाकीत किंवा खड्ड्यात स्थिरावू द्यायचं आणि मग सोडायचं, ही साधी गोष्ट. पण ते गढूळ पाणी थेट पावसाळी गटारात सोडलं जातं, गटार गाळाने भरतं, आणि जूनच्या पहिल्या सरीला त्याच रस्त्यावर गुडघाभर पाणी. लोक म्हणतात रस्त्याची पातळी चुकली. कधी कधी चुकलेलीही असते, पण आधी गटाराचं झाकण उघडून पाहा.

आणखी एक: किनाऱ्यालगत चरातून निघणारं पाणी मचूळ असतं. तेच टँकरमध्ये भरून काँक्रीटवर मारताना दिसलं तर हरकत घ्या. त्यातल्या क्षाराने आतलं लोखंड गंजतं आणि काही वर्षांत कडा उखडू लागतात.

भराव ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी. चर भरताना 20-20 सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर दाबायचा, आणि मधूनमधून घनता तपासायची. त्याला सँड रिप्लेसमेंट चाचणी म्हणतात: छोटा खड्डा घेऊन निघालेल्या मातीचं वजन आणि त्यात मावलेल्या वाळूचं आकारमान यावरून माती किती दाबली गेलीय ते काढतात. काढलेला गाळच परत टाकला तर तो दाबला जात नाही, पिठासारखा हलत राहतो. त्याऐवजी बाहेरून मुरूम किंवा खडीची भुकटी आणावी लागते, तिचे पैसे निविदेत धरलेले हवेत. नीट न दाबलेला भराव दोन-तीन टक्के तरी बसतोच; 3 मीटरच्या चरात म्हणजे 6 ते 9 सेंटीमीटर. वरचं डांबर तेवढं खाली जातं, पाणी साचतं, आणि वजनदार गाडीचं चाक आत. पणजीत भरलेल्या चरांत ट्रक रुतल्याचे फोटो वारंवार आले, त्यामागचं कारण हेच. मग तोच रस्ता पुन्हा उघडावा लागला.

कामांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. सगळ्यात खोल आधी: सांडपाणी, मग पावसाळी गटार, मग पाणी, मग वीज आणि टेलिफोनच्या नळ्या, शेवटी फुटपाथ आणि डांबर. प्रत्येक लाइनवरून घराघरांत जाणारी जोडणी त्याच वेळी करून घ्यायची. जोडणी "नंतर पाहू" म्हणून ठेवली की नव्या रस्त्यावर दर दहा मीटरला आडवा काप पडतो.

आता वेळापत्रक. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा ना खोदता येतं, ना हॉटमिक्स प्लँट चालतो. राहिले ऑक्टोबर ते मे, आणि तोच पर्यटनाचा हंगाम. त्यातही पणजीत 20 नोव्हेंबरपासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, 8 डिसेंबरला पणजी चर्चचं, पुढे नाताळ-नववर्ष, फेब्रुवारीत कार्निव्हल, मार्चमध्ये शिगमो. पाहुण्यांसाठी रस्ता घाईने वरवर बुजवायचा आणि पाहुणे गेले की परत उकरायचा, हा खेळ त्यातूनच सुरू होतो. हंगाम टाळून काम करा ही मागणी त्यामुळे पोकळ आहे, टाळायला दुसरा हंगामच नाही. मागायचं असेल तर हे मागा: खोल चर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, कारण तेव्हा जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असतं; पावसानंतर लगेच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, फक्त डांबर, फुटपाथ, दिवे अशी उथळ कामं; आणि 1 मे नंतर नवा चर उघडायचा नाही. मुंबई महापालिका काँक्रीटीकरणासाठी 31 मे ही तारीख धरते आणि त्याआधी उघडे रस्ते सुरक्षित टप्प्यावर आणायला सांगते. काँक्रीटला पुरती ताकद यायला 28 दिवस लागतात, म्हणजे 31 मेला रस्ता सुरू करायचा तर शेवटचं काँक्रीट मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पडायला हवं. विसाव्या तारखेला मिक्सर फिरताना दिसला की समजून जा.

धुळीचंही वेळापत्रक असतं. किनाऱ्यावर दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो. सकाळी सातला मारलेलं पाणी तोवर सुकलेलं असतं, आणि नेमकी जेवणाच्या वेळी धूळ उठते. टँकरची फेरी अकराच्या सुमारास आणि पुन्हा तीनला हवी. पणजीत धुळीचं प्रकरण 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं आणि न्यायमूर्तींनी स्वतः शहरात फिरून कामं पाहिली.

पर्यटनाकडे येतो. राज्याचे आकडे बघून शहराचं नुकसान कळत नाही. 2024 मध्ये गोव्यात आलेल्या पर्यटकांचा सरकारी आकडा एक कोटीच्या वर आहे. माणसं गोव्यात आलीच. पणजीत किती वेळ रेंगाळली हा प्रश्न आहे. रस्ते खोदल्यावर खोल्यांचं बुकिंग लगेच पडत नाही, ते महिना-दोन महिने आधी झालेलं असतं. आधी पडतो तो चालता गिऱ्हाईक: अठरा जून मार्गावर काजू घ्यायला थांबणारा, फोंतेन्हासमध्ये फोटो काढून तिथेच कॉफी घेणारा. त्यानंतर टूरच्या बसवाले थांबा बदलतात. बस वळवायला जागा नाही, माणसं उतरवायला जागा नाही, म्हणून ते पणजी गाडीतूनच दाखवतात आणि जुन्या गोव्याला निघून जातात. खोल्यांवर परिणाम दिसतो तो पुढच्या हंगामात, ऑनलाइन शेऱ्यांमधून. काम संपलं तरी "रस्ते खराब, धूळ फार" हे शेरे वर्षभर वाचले जातात.

फटका सगळ्यांना सारखा नाही. मांडवीतल्या कॅसिनोंना रात्रीचं गिऱ्हाईक ठरवून येतं, ते अर्धा तास उशिरा का होईना पोचतं. संध्याकाळच्या सहलीच्या बोटीची वेळ मात्र ठरलेली, रांगेत अडकलेल्याची ती चुकते. आणि ऑफिसं सुटणं, बोटीची गर्दी, कॅसिनोच्या गाड्या हे सगळं साडेपाच ते साडेआठ याच तासांत बांदोडकर मार्गावर येतं. तुमच्या शहरातही असे तीन तास असतील. ते आधी मोजून ठेवा, आणि त्या वेळात डंपर चालणार नाही हे लेखी घ्या.

रस्ता फार लांबला की लोक वाटच बदलतात. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा 2011 मध्ये सुरू झाला आणि दशकाहून अधिक रखडला. त्या काळात गोव्याला आणि सिंधुदुर्गात जाणारे कित्येकजण पुणे-कोल्हापूरमार्गे आंबोली किंवा फोंडा घाटाने उतरू लागले. वाटेवरचं जेवण, चहा, मुक्काम त्यांच्यासोबत घाटावर गेला.

आता तुम्ही काय करायचं. निविदा निघाली आहे, करार व्हायचाय, म्हणजे हीच वेळ आहे. एका वेळी उघडायची कमाल लांबी (गावठाणात 50 मीटर, बाहेर 100) आणि मागचा पट्टा भरून रोलर फिरल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, ही अट करारात घालून घ्या. दंड "विलंबाचा" मोघम नको. ठरल्यापेक्षा जास्त दिवस रस्ता अडवला तर प्रत्येक जादा दिवसाचा, असा हवा. सगळ्या खात्यांचं मिळून एकच पत्रक मागा, ज्यात कोणता रस्ता कधी उघडणार आणि कधी मिटणार हे असेल, आणि ते दर पंधरा दिवसांनी नवं व्हावं. लॉजवाल्यांसाठी हे पत्रक सोन्याहून मोलाचं: बुकिंग घेतानाच पाहुण्याला सांगता येतं की गाडी अमुक ठिकाणी लावा, तिथून रिक्षा पाठवतो. दुकानाच्या दारात चरावर टाकायला फळी नको, कठडा असलेला लोखंडी साकव मागा, 1 मीटर तरी रुंद. गॅसच्या टाक्या, दूध, कचऱ्याची गाडी यांना रोज सकाळचे दोन तास राखून ठेवा.

चर तुमच्या घराजवळ येण्याआधी भिंतींचे फोटो काढा, तारखेसकट. आधीपासून असलेल्या प्रत्येक तड्याच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ आणि दिनांक. काम सुरू झाल्यावर तडा रेघेपलीकडे गेला तर वाद उरत नाही. एक प्रत अभियंत्याला देऊन पोच घ्या.

गोव्याला येणार असाल तर तेही सांगून टाकतो. शहरातली कामं बरीचशी उरकल्यावर ताण मांडवीपलीकडच्या पर्वरीला सरकला. तिथे राष्ट्रीय महामार्ग 66 वर सुमारे 5 किलोमीटरच्या सहापदरी उड्डाणपुलाचं काम 2024 मध्ये सुरू झालं. मोपा विमानतळावरून कळंगुट-बागाला जायचं तर म्हापसा-साळगावने जा, पर्वरीशी संबंधच येत नाही. पणजीलाच जायचं आणि रेल्वेने येताय तर थिवीला उतरू नका, करमळीला उतरा. थिवीहून पर्वरी ओलांडावी लागते, करमळी पणजीच्याच बाजूला आहे. गाडीने येऊन पर्वरी-बेतीकडे मुक्काम असेल तर गाडी तिकडेच ठेवून बेतीच्या फेरीबोटीने पणजीत उतरा. पायी माणसाला ती फुकट आहे.

शेवटी पहिल्या पावसाचं काम. चर भरल्यानंतर पहिला जोरदार पाऊस पडून गेला की रस्त्यावरून फिरा. जिथे लांबट आकारात पाणी साचलंय तिथे भराव बसतोय. फूटपट्टी उभी धरून खोलीचा फोटो घ्या, जवळच्या चेंबरचा क्रमांक लिहा आणि दोष-दायित्वाची मुदत संपायच्या आत लेखी तक्रार द्या. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते आणि त्याची अनामत रक्कम अजून पालिकेकडे असते. मुदत किती वर्षांची आहे हे करारात पाहून आत्ताच टिपून ठेवा.